दोन खोक्यांच्या मधे

दुपारचा चहा होऊन गेला होता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या नकाशांच्या खोलीत तो टेबलावर वाकून एका जुन्या नळाची रेघ नव्या कागदावर उतरवत होता, आणि मागून कोणीतरी ‘अहो’ म्हणालं. त्याने मान वळवली. टायपिस्ट बाई फोनवर होत्या, नवऱ्याला येताना खोकल्याचं औषध आणायला सांगत होत्या. तो पुन्हा कागदाकडे वळला, पण पेन्सिल होती तिथेच राहिली. मान वळवताना आपल्याला काय ऐकू येणार होतं असं वाटलं, हे तो शोधू लागला. बायको ‘अहो’ म्हणायची. कशी म्हणायची? ‘अ’ लांबवायची, की ‘हो’ खाली टाकायची? शब्द आठवत होता. तो म्हणताना ओल्या हाताच्या मनगटाने कपाळावरचे केस मागे सारायची तिची सवय आठवत होती. पण त्या चेहऱ्यातून आवाज येत नव्हता, काचेपलीकडून कोणी बोलावं तसं. त्याने डोळे मिटून पाहिलं. तिचं ‘जेवायला चला’, तिचं ‘किती उशीर’, भाजीवाल्याशी घातलेली हुज्जत, सगळी वाक्यं जागच्या जागी होती आणि सगळी मुकी होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, बरं वाटत नाही का. तो म्हणाला, काही नाही, मान अवघडली.

गेलेल्या माणसाचा आवाज विसरायला होतो, हे त्याने ऐकलं होतं. पण त्याची बायको गेली नव्हती. ती घरी होती, या वेळी बहुधा वाळलेले कपडे काढत असेल. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गाठही गेली आणि आवाजही. गळ्याच्या खाली एक छिद्र राहिलं, त्यातून ती श्वास घ्यायची, आणि त्यावर पातळ सुती कापडाचा तुकडा बांधायची. इस्पितळाने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून ती पहिल्यांदा बोलली ती परगावी राहणाऱ्या मुलीशी, फोनवर. भुंगा डबीत अडकावा तसा आवाज आला, आणि पलीकडे मुलगी रडू लागली. यंत्र त्याच दिवशी कपाटात गेलं. मग घरात ओठांची, बोटांची, चमच्यांची एक भाषा तयार झाली. चमचा पातेल्यावर वाजला की जेवण. टाळी वाजली की फोन. खांद्यावरून वेणी पुढे ओढल्याची खूण म्हणजे मुलगी, कारण लहानपणी तिची वेणी लांब होती. फारच अडलं तर मुलीची जुनी पाटी होती, पण पाटीवर लिहायचा बायकोला मनस्वी कंटाळा. इतकं बरं जमलं होतं सगळं, की लोक म्हणत, तुमच्या घरात काही कमी आहे असं वाटतच नाही. त्यालाही वाटत नव्हतं. आज त्याला कळलं की आपण एक वस्तू कुठेतरी ठेवून विसरलो, आणि शोधायलाही निघालो नाही.

मुलीच्या वस्तूंच्या पेटीत एक कॅसेट होती, हे त्याला माहीत होतं. मुलगी चार-पाच वर्षांची असताना नवा टेपरेकॉर्डर घरात आला होता, आणि बायकोने तिला गोष्ट सांगताना कौतुकाने बटण दाबून ठेवलं होतं. बायको आंघोळीला गेलेली असताना त्याने ती कॅसेट त्याच टेपरेकॉर्डरवर लावली आणि कान लावून बसला. आवाज आला. पण तो तिचा नव्हता. तळहाताएवढ्या जाळीतून एक चिरकी, पातळ बाई बोलत होती, मुंगीने पत्र्याच्या डब्यातून बोलावं तशी. बायकोच्या आवाजाला खाली एक खरखरीत तळ होता, आजारपणाच्या कितीतरी आधीपासून, तरुणपणापासून. एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण त्या तळावरून तो तिला लग्नाच्या नव्या नवलाईत चिडवायचा. तो तळच या यंत्रातून गळून गेला होता. न्हाणीघरातलं पाणी बंद झालं तसं त्याने बटण दाबलं आणि कॅसेट खिशात टाकली. बायको बाहेर आली, भुवया उंचावून तिने विचारलं, काय चाललंय. तो म्हणाला, काही नाही, जुनी गाणी ऐकावीत म्हणतो.

बायकोचा धाकटा भाऊ मोटारींच्या हॉर्नची आणि रेडिओची दुरुस्ती करायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत, धंद्यावरून नव्हे, तर तो कानात सांगायची गोष्टही गल्लीला ऐकू जाईल अशी सांगायचा म्हणून. ताईचा आवाज गेल्यापासून या घरात आला की तो मुद्दाम हळू बोलायचा, आणि ते त्याला अजिबात जमायचं नाही. टेपरेकॉर्डरमधून खालचा आवाज का येत नाही, असं त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “भावजी, खालच्या आवाजाला पोट लागतं. एवढ्याशा डबीत तो राहील कसा? मोठा स्पीकर पाहिजे आणि त्याला साजेसं खोकं पाहिजे.” बंद पडलेल्या एका सभागृहातले वीतभर रुंद दोन स्पीकर त्याच्या दुकानात माळ्यावर पडून होते. कडेचा कागद फाटला होता, तो त्याने पातळ कापड आणि गोंद लावून शिवल्यासारखा नीट केला. जुन्या सुट्या भागांतून एक अँप्लिफायरही जुळवून दिला. खोकी तेवढी भावजींनी करायची होती. विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि सुताराला सांगायचं म्हटलं तर तेवढ्यात विकतचीच आली असती.

तो नकाशे काढणारा माणूस. खोकं त्याने आधी कागदावर काढलं, खऱ्या मापात, पुढून, बाजूने, आतून. आतली आडवी पट्टीसुद्धा तुटक रेघांनी. बायको ट्रेसिंगच्या कागदावर हात फिरवून हसली होती, बिनआवाजी, खांदे हलवत. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की बनवायची गरजच नाही. हत्यारं म्हणजे एक हातकरवत, हाताने फिरवायचं एक गिरमिट, एक गोल कानस आणि पेचकस. लाकूड कुठून आणायचं, हा प्रश्न बायकोने सोडवला. तिने त्याला हात धरून मुलीच्या खोलीत नेलं आणि मुलीच्या पलंगाच्या जाड प्लायवूडवर थाप मारली. पलंग किती वर्षं रिकामा होता. मुलगी आली तरी आताशा नवऱ्याबरोबर यायची आणि बाहेरच्या खोलीत गादी घालावी लागायची. तरी त्याला ते लगेच होईना. तो म्हणाला, राहू दे, दुसरं बघू. तिने वेणी ओढल्याची खूण केली, मग हात झटकला. तिला कुठे लागतोय आता. आणि स्वतःच गादी उचलायला लागली.

पहिल्याच फळीला त्याला कळलं की कागदावरच्या रेघेला जाडी नसते आणि करवतीला असते. करवत रेघ खाऊन टाकायची, आणि रेघेच्या कुठल्या बाजूने खायची हे ठरवायच्या आत पुढे जायची. फळी थरथरायची. धरून ठेवायला शिकंजा नव्हता. मग दोन स्टुलांवर फळी आडवी टाकून तिच्यावर बायको बसायची. भिंतीला पाठ, मांडीवर निवडायची भाजी, आणि खाली त्याची करवत. सुटीच्या दिवशी सकाळभर ते असं चालायचं. करवतीच्या प्रत्येक ओढीबरोबर तिचं अंग किंचित हलायचं. करवत वाकडी जायला लागली की तिला तिच्या बसल्या जागी कळायचं आणि ती पायाने त्याच्या खांद्याला डिवचायची. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एकत्र काही बनवल्याचं त्याला आठवत नव्हतं. घर चालवलं होतं, मुलगी वाढवली होती, पण ते सगळं आपापल्या बाजूने, दोन टोकांना धरून. एका वस्तूवर चार हात असे आताच पडत होते. आणि खाली वाकून, घामाने डोळे चुरचुरत असताना, त्याला मधेच आठवायचं की हिला वाटतंय आपण गाण्यांसाठी हे करतोय. सांगावं असं दर वेळी वाटायचं. पण काय सांगणार? तू समोर बसली आहेस आणि मला तू आठवत नाहीस, हे कुठल्या शब्दांत सांगतात?

पॉलिशपेपर मारायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. लाकडाचा भुगा उडायचा. तिचा श्वास नाकातून नव्हे, त्या उघड्या छिद्रातून आत जायचा, तिथे धुळीला अडवायला काही नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. ती गळ्यावरचं कापड ओलं करून दुहेरी बांधायची. तरी एकदा तिला ठसका लागला. साध्या माणसाला लागतो तसा नव्हे. आवाज नाही, फक्त हवा, फुगा सुटल्यासारखी फसफस, आणि चेहरा काळानिळा. त्याने तिला खिडकीशी नेलं, पाठ चोळली, पाणी दिलं. ती सावरली. तो म्हणाला की बास झालं, हे खोकं आता जिन्याखाली जाऊ दे. तिने त्याच्याकडे रागाने पाहिलं, कापड पुन्हा ओलं केलं, आणि फळी मांडीवर ओढून कागद घासायला घेतला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. ज्या घशाला धूळ सोसत नव्हती, त्या घशातून गेलेल्या आवाजासाठी ती धूळ खात होती, आणि तिला ते माहीत नव्हतं.

स्पीकर बसवायची गोल भोकं सगळ्यात अवघड. करवत गोल वळत नाही. कंपासने वर्तुळ काढून त्याच्या कडेने गिरमिटाने जवळजवळ भोकं पाडायची, मग मधला तुकडा हातोडीने ठोकून काढायचा आणि उरलेले दाते कानशीने घासत बसायचं. तळव्याला फोड आले. जोड चिकटवताना आवळायला दोरी गुंडाळून तिच्यात लाटणं घालून पिळलं, वर पाण्याने भरलेली पिंपं ठेवली. फटी राहिल्या त्या गोंदात भुगा कालवून लिंपल्या. आत जुन्या रजईतला कापूस भरला. भोंगा येऊन बोटांनी ठोकून पाहून गेला आणि सांगून गेला की खोक्यातून हवा कुठूनही निसटता कामा नये. मग त्याने एका खोक्याच्या कडेकडेने मेणबत्ती फिरवली आणि बायकोने स्पीकरचा कागद हलक्या बोटांनी आत दाबला. एका कोपऱ्यात ज्योत वाकली. बायकोने त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुसरा हात नकळत आपल्या गळ्यावरच्या कापडाकडे नेला. तो हात तिथे क्षणभर राहिला. मग तिने गोंदाची वाटी पुढे केली.

खोकी झाली. एक दुसऱ्यापेक्षा बोटाच्या पेराएवढं उंच, पण समोरून पाहणाऱ्याला कळलं नसतं. खिडकीच्या दोन बाजूंना ठेवली आणि भोंग्याने वायरी जोडल्या. पहिल्यांदा त्यांनी खरंच जुनी गाणी लावली. खोली भरून गेली. बायकोने दोन्ही तळहात खोक्याच्या पाठीवर ठेवले आणि खालचे ठोके हातातून वर चढताना ती लहान पोरीसारखी हसली. भोंगा म्हणाला, “ताई, आता शेजारचे भांडायला येतील बघ.” आणि मग आपण मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन गप्प झाला.

त्यानंतरच्या आठवड्यात तिची इस्पितळातली तपासणी होती. भोंगा तिला आपल्या गाडीवरून घेऊन गेला. संध्याकाळ तरी होणार होती. त्याने कचेरीतून अर्धी सुटी घेतली होती. तो घरी आला, उकडत होतं म्हणून दार अर्धवट उघडंच ठेवलं, आणि इतके दिवस लपवून ठेवलेली कॅसेट लावून समोरच्या खुर्चीवर बसला. आधी नुसती सळसळ. मग भांडं ठेवल्याचा आवाज, इतका जवळ की तो स्वयंपाकघराकडे वळून पाहणार होता. आणि मग ती बोलली. “एक होतं बटण. त्याचं काज हरवलं होतं.” खोक्यांतून नव्हे. दोन खोक्यांच्या मधे, खिडकीच्या खाली जिथे काहीच नव्हतं, तिथून. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या बाईचं तोंड असावं तेवढ्या उंचीवरून. तळ होता, खरखर होती, श्वास घ्यायला थांबणं होतं. छोटी मुलगी विचारत होती, “मग?” आणि ती सांगत होती, “मग काय, बटण निघालं शोधायला.” त्याला रडू आलं नाही. हात मांडीवर ठेवून तो त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला आणि त्याला वाटलं, एवढंच होतं तर. इतकं साधं होतं, आणि आपण ते विसरलो होतो.

जिन्यावर पावलं वाजली ती त्याने ऐकलीच नाहीत. डॉक्टर रजेवर होते आणि भोंगा तिला खाली सोडून दुकानात गेला होता. दार ढकलून बायको आत आली ती चपला घालूनच, धापा टाकत. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद त्याने दोन वर्षांत पाहिला नव्हता. ती थांबली नाही. आतल्या खोलीत गेली, स्वयंपाकघरात गेली, न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं. परत आली आणि भुवया उंच करून, खांद्यावरून वेणी ओढल्याची खूण केली. कुठे आहे? न सांगता आली?

खिडकीखालून कॅसेटमधली ती सांगत होती की बटण आता शिंप्याकडे गेलं. बायकोचा हात खांद्याशी तसाच राहिला. तिने आवाजाकडे पाहिलं, मग एका खोक्याकडे, मग दुसऱ्याकडे. आनंद तिच्या चेहऱ्यावरून एकदम गेला नाही, ओल्या कापडातून पाणी निथळावं तसा हळूहळू उतरला.

“मुलगी नाही,” तो म्हणाला. “तू आहेस.”

ती भिंतीला टेकून खाली बसली. त्याने बंद करायला हात पुढे केला तर तिने मान हलवली. कॅसेटची ती बाजू संपून बटण आपोआप वर उडेपर्यंत ती ऐकत राहिली. बटणाला काज मिळालं की नाही ते मात्र कळलं नाही, कारण त्याच्या आधीच फीत संपली होती. मग तिने पाटी मागितली. लिहिलं: मी अशी बोलायचे? त्याने मान डोलावली. तिने ते पुसलं, हाताने, ओढणीचं टोकही न घेता, आणि लिहिलं: विसरले होते.

“मीपण,” तो म्हणाला. “म्हणून तर केलं हे सगळं.”

तिने खोक्यांकडे पाहिलं. आपणच घासून गुळगुळीत केलेल्या कडांवर तिची नजर फिरली, आणि त्याला दिसलं की गेल्या काही महिन्यांतल्या सगळ्या सुटीच्या सकाळी ती आता पुन्हा एकदा, वेगळ्या अर्थाने, मनातल्या मनात जगून पाहते आहे. तो तिच्या रागाची वाट पाहत राहिला. राग आला असता तर बरं झालं असतं. तिने पाटी पुन्हा पुसली आणि जपून, शाळेतल्यासारखं, मोठ्या अक्षरात लिहिलं: मी घरात नसताना ऐकत जा. मग चपला काढून दाराशी ठेवल्या आणि भात लावायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून तो कचेरीतून आला की ती चहा द्यायची, पिशवी घ्यायची आणि बाजाराला जाते अशी खूण करून बाहेर पडायची. जाताना दार नीट ओढून घ्यायची. तो म्हणाला, असं नको. तिने ऐकलं नाही. त्याने कॅसेट लावली. आवाज आला, त्याच जागेवरून, तितकाच भरलेला. पण बायकोने खोल्याखोल्यांतून मुलीला शोधलं होतं, आणि आता त्यालाही तिथे मुलगीच बोलताना ऐकू येत होती. पुन्हा लावून पाहिलं. ‘मग काय’ म्हणतानाचा झोका मुलीचा, ‘शोधायला’मधली खरखर मुलीची. रविवारी मुलीचा फोन आला, बाबा कसे आहात म्हणाली, आणि त्याच्या हातातला फोन जड झाला. बायकोचा आवाज कुठे गेला नव्हता, मुलीत होता, हे चांगलंच होतं म्हणायचं. पण त्याला हवी होती ती बाई त्यातून निघून गेली होती, आणि या वेळी तिला कोणी कापून काढलं नव्हतं.

त्याने कॅसेट लावणं सोडून दिलं. हे बायकोला सांगायचं राहिलं, किंवा सांगायचं कसं ते सुचलं नाही. ती त्याच्यासाठी रोज घर सोडून जात होती, आणि तो त्या घरात खुर्चीवर नुसता बसत होता. चहाचा कप विसळायचा, वर्तमानपत्र चाळायचं, उजेड कमी होताना पाहायचा. बरोबर तेवढ्या वेळाने ती परत यायची. पिशवीत कधी कोथिंबिरीची जुडी असायची, कधी काहीच नसायचं.

एका संध्याकाळी हवा हवी म्हणून तो खिडकीशी उभा राहिला. खाली, इमारतीच्या दाराजवळ पाण्याच्या मीटरांची खोली होती आणि तिच्यापुढे सिमेंटचा कट्टा. त्यावर बायको बसली होती. बाजारात गेलीच नव्हती. घडी घातलेली पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे पाहून मान हलवत होती, तीही हलवत होती. कोणी थांबत नव्हतं, कारण थांबून बोलणार काय. तिने एकदाही वर पाहिलं नाही. वरून काही ऐकू येतंय का, हे ऐकण्याचा प्रयत्नही ती करत नसावी. बसस्टॉपवर बसावं तशी ती बसली होती, गाडी उशिरा येणार हे माहीत असलेल्या माणसासारखी.

तो चपला घालून खाली उतरला. ती दचकली, सरकली. तो तिच्या शेजारी बसला. समोरच्या दुकानात दिवे लागत होते. मग तिने त्याच्याकडे वळून ओठांनी विचारलं, झालं ऐकून?

वरच्या त्या खिडकीत काहीच वाजत नव्हतं. तिने एकदा कान दिला असता तर तिलाही ते कळलं असतं.

“झालं,” तो म्हणाला.

तिने मान हलवली. त्याच्या खांद्यावर भार टाकून ती उठली, पिशवी त्याच्याकडे दिली, आणि दोघं जिना चढू लागले. तिला मधेमधे थांबावं लागायचं. तो एक पायरी मागे थांबायचा, आणि तिच्या गळ्यावरच्या कापडामागून आत-बाहेर करणारी हवा तेवढी त्याला ऐकू यायची.